शरदसंध्या

पुण्यातल्या ऑक्टोबरात थंडी वाजायची असेल तर मुलगी परदेशात असावी लागते. आमची टोरांटोला आहे. आश्विन लागला की तिच्याकडून फोटो यायला लागतात. लालभडक मेपलची पानं, धुकं धरलेली खिडकी, बोटांपर्यंत ओढलेल्या स्वेटरच्या बाह्या आणि दोन्ही तळव्यांत धरलेला वाफाळता मग. मगातल्या त्या चहात चहापत्ती औषधालाही नसते. सफरचंदाच्या वाळवलेल्या चकत्या, दालचिनीचा तुकडा, कॅमोमाइलची फुलं असा सगळा ऐवज असतो. खाली ओळ, ‘बाबा, मी स्वतः ब्लेंड केलाय!’

हे फोटो मी बघतो तेव्हा पारा 33 वर असतो, पंखा पाचवर असतो आणि मी बनियनवर असतो. परतीचा पाऊस येतो येतो म्हणत हुलकावणी देतो आणि अंगाची नुसती काहिली होते. या हवेला सगळा महाराष्ट्र ऑक्टोबर हीट म्हणतो आणि शहाणा माणूस त्या दिवसांत गुपचूप कोकम सरबत पितो. मी मात्र ठरवलं की यंदा आपणही शरद ऋतूचा वनस्पती-चहा घरच्या घरी बनवायचा. कॅमोमाइल नसेना का, आपल्याकडे तुळस आहे, गवती चहा आहे, दारात जास्वंद आहे. पाच हजार वर्षांची परंपरा वगैरेही आहेच. निवृत्त माणसाच्या हाती वेळ, वजनकाटा आणि इंटरनेट या तीन गोष्टी एकदम पडू देऊ नयेत. माझ्या हाती त्या पडल्या होत्या.

आईला बेत सांगितला. तिने जपमाळ न थांबवता विचारलं, “चहात चहा नाही?”

“नाही.”

“दूध?”

“नाही.”

“साखर?”

“अजिबात नाही.”

“मग गरम पाणी म्हण ना सरळ. चहा कशाला म्हणतोस?”

पहिलं मिश्रण मी फार अभ्यासाने केलं. बायकोचा केक करायचा डिजिटल काटा घेतला, वही घेतली, एकेक जिन्नस कमी-जास्त करत गेलो. तुळस वाढवली, मिरी घटवली, सुंठ आणि दालचिनी समसमान केली. शेवटी जिभेला पटेल असं प्रमाण सापडलं: तुळशीची वाळलेली पानं चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग आणि मिरी एक भाग. वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या आणि कप बायकोपुढे धरला. तिने एक घोट घेतला. मग तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आधी कुठे तरी पाहिलं होतं.

“अहो,” ती म्हणाली, “हा तर लॉकडाऊनचा काढा आहे!”

तिचं खरं होतं. चार, दोन, दोन, एक हे प्रमाण आयुष मंत्रालयाने 2020 साली ‘आयुष क्वाथ’ म्हणून जाहीर करून टाकलेलं होतं. त्या वर्षी आमच्या घरातल्या प्रत्येकाने तो सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून घशाखाली घातला होता आणि संकट सरल्यावर उरलेली पुडी बायकोने समारंभपूर्वक कचऱ्यात टाकली होती. एवढ्या संशोधनानंतर मी केंद्र सरकारच्या परिपत्रकापाशी येऊन पोचलो होतो.

आईचा आक्षेप निराळाच होता. “भर ऑक्टोबरात सुंठ-मिरी घेतोस? पित्त उठेल.” मी तिला रोगप्रतिकारशक्तीवर दोन शब्द सांगितले. रात्री छातीत जळजळ सुरू झाल्यावर तिनेच थंड दूध आणून दिलं. पेला ठेवताना ती काही बोलली नाही. तिला बोलायची गरजच नव्हती.

तेव्हा उष्ण पदार्थ रद्द. आता पानाफुलांकडे वळायचं ठरलं. मंडईतून चहाच्या पातीच्या जुड्या आणल्या. गवती चहा सावलीतच वाळवायचा असतो, उन्हात टाकला तर त्यातलं सुगंधी तेल उडून जातं, हे मी वाचलं होतं. म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत वर्तमानपत्रं पसरली आणि त्यावर कात्रीने कापलेली पात पातळ पसरली. दुपारी सावली टाकीबरोबर न राहता सूर्याबरोबर फिरते, ही भूगोलातली गोष्ट मी विसरलो होतो. तरी तेवढ्याने भागलं असतं. पण जो परतीचा पाऊस सबंध आठवडा रुसून बसला होता तो नेमका त्या संध्याकाळी विजा घेऊन आला. पात मी धावत जाऊन गोळा केली, डब्यात भरली आणि झाकण घट्ट लावलं. पुढे डबा उघडला तेव्हा आत पांढरी लव उगवली होती. शिवाय पात एवढी आटली होती की मोठमोठ्या जुड्यांची जेमतेम मूठभर झाली होती. विकतचा वनस्पती-चहा महाग का असतो ते त्या दिवशी कळलं.

मग आली जास्वंद. परदेशी खोक्यांवर ‘हिबिस्कस टी’ असं लिहिलेला, माणकासारख्या लाल रंगाचा आंबटसर चहा तुम्ही पाहिला असेल. हिबिस्कस म्हणजे जास्वंद, आणि जास्वंद आमच्या बाल्कनीत बारमाही. गणपतीला वाहायची फुलं मी चहाकडे वळवली आणि पाण्यात छान उकळली. लाल रंग काही आला नाही. जांभळट, करडं, बुळबुळीत असं काहीतरी तयार झालं. गाळण्यातून ते पडेना. चमच्याने ढकललं तर तारेसारखं लोंबायला लागलं. बायकोने पातेल्यात डोकावून शांतपणे विचारलं, “हे प्यायचं आहे की केसांना लावू?”

आईने मूळ घोटाळा सांगितला. खोक्यातला तो लाल चहा दारातल्या जास्वंदीचा नसतोच, तो लाल अंबाडीच्या बोंडांचा असतो. अंबाडी जास्वंदीच्याच कुळातली, पण आंबट. तिची बोंडं दिवाळीच्या आगेमागे धरतात, आणि ज्यांना ठाऊक आहे ते त्यांचं सरबत आणि जॅम करतात. “लहानपणी अंबाडीची भाजी वाढली की तू ताटाखाली लपवायचास,” आई म्हणाली. “आता तीच परदेशी खोक्यातून विकत घेऊन पी.”

गोकर्णीच्या फुलांनी मात्र माझी थोडी लाज राखली. निळी गोकर्ण गरम पाण्यात टाकली की शाईसारखा निळा रंग उतरतो, आणि वर लिंबू पिळलं की तो डोळ्यांदेखत जांभळा होतो. फुलातलं रंगद्रव्य आंबट लागताच रंग बदलतं, शाळेतल्या लिटमस कागदासारखं. मी हा प्रयोग घरातल्या सगळ्यांना बोलावून करून दाखवला. टाळ्या मिळाल्या. चव विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण गोकर्णीला चव जवळजवळ नसतेच. “नीळ घातलीस का रे?” एवढीच पृच्छा आईकडून आली.

इथे थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण कोजागिरी तोंडावर आली होती. सोसायटीच्या गच्चीवर दरवर्षी मसाला दूध असतं. यंदा दुधाआधी आपल्या हातचा चहा पाजून सगळ्यांना चकित करायचं, असं माझ्या मनाने घेतलं. मिश्रणाचं नाव आधीच ठरलं होतं: ‘शरदसंध्या’. त्यात काय घालायचं तेवढंच ठरायचं होतं.

मंडईच्या बाजूला काष्ठौषधीचं एक जुनं दुकान आहे. आत पाऊल टाकलं की वेखंड, नागरमोथा, कापूर यांचा मिळून एक वास नाकात शिरतो आणि आपल्याला काहीतरी झालंय असं उगाचच वाटायला लागतं. गल्ल्यावरच्या शेठजींना बोलायची घाई नसते. हाताशी छोटा तराजू, पलीकडे कापलेल्या वर्तमानपत्राच्या चौकोनांची चळत. बोटांच्या चिमटीने ते जिन्नस तराजूत टाकतात आणि काटा एकदाच हलून स्थिर होतो. माझ्या डिजिटल काट्याला ते कधी जमलं नाही.

मी यादी सांगितली. “बडीशेप.”

“हं.”

“ज्येष्ठमध. गोडीसाठी.”

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. “हं.”

“आणि गुलाबकळी.”

आता त्यांच्या डोळ्यांत सहानुभूती दिसली. आवाज खाली आणून ते म्हणाले, “किती दिवस झाले?”

“कशाला?” मी म्हणालो. “म्हणजे, नवरात्रापासून लागलोय मागे.”

“अरे बापरे,” ते म्हणाले आणि मागच्या खणातून फिकट हिरवी, टोकदार, लहान-लहान पानं काढून त्यांनी एक चौथी पुडी बांधली.

“हे काय?”

“सोनामुखी. तिरुनेलवेलीची आहे, अस्सल. हिच्याशिवाय बाकीच्यांचा काय उपयोग?”

सोनामुखी! काय ते नाव. कोजागिरीच्या रात्री, चांदण्यात, गुलाबाशेजारी शोभेल असं. जाणकार माणसाने आपल्या मिश्रणातली उणीव अचूक हेरली, असं वाटून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. त्यांनी खरंच अचूक हेरली होती. बडीशेप, ज्येष्ठमध आणि सोनामुखी एकत्र आली की पोट साफ करायच्या एका प्रसिद्ध चूर्णाचं निम्मं काम होतं, हे शेठजींना पाठ होतं. तीन नावं ऐकून त्यांनी माझा आजार ओळखला आणि राहिलेलं चौथं औषध स्वतःहून दिलं. निदान चोख होतं. चुकीचा फक्त रोगी होता.

घरी येऊन मी चारही पुड्या एका मोठ्या बरणीत ओतल्या आणि वर सुबक अक्षरात ‘शरदसंध्या’ अशी चिठ्ठी चिकटवली. पुड्यांचे कागद फेकून दिले. आई देवळात गेली होती. ती घरी असती तर इतिहास वेगळा झाला असता.

कोजागिरीला संध्याकाळी पाणी उकळायला ठेवलं. अशी पानंफुलं गरम पाण्यात टाकून झाकून पाच-सात मिनिटांत गाळायची असतात, हे मला माहीत होतं. पण अर्क चांगला उतरावा म्हणून मी ती अर्धा तास खळखळून उकळली. रंग सोनेरी आला. ज्येष्ठमधामुळे साखर न घालताही गोडी होती, बडीशेपेमुळे वास छान होता आणि गुलाबाच्या पाकळ्या वर तरंगत होत्या. खरं सांगतो, चहा फर्मास झाला होता. मुलं फिरकली नाहीत, कारण त्यांचा सगळा डोळा भेळेवर होता. मोठ्यांनी मात्र कपामागून कप रिचवले. सेक्रेटरी म्हणाले, “वा! पोटाला किती हलकं वाटतंय!” दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कृती मागितली. ती मी दिली नाही, कारण ‘शरदसंध्या’ बाजारात आणायचा विचार तोवर माझ्या मनात डोकावला होता. सगळ्यांत जास्त कप मीच प्यायलो. मग बाराच्या सुमारास ढगांतून चंद्र निघाला, दुधाला चांदणं दाखवून झालं, केशर-चारोळीचं दूध झालं आणि माणसं समाधानाने घरोघर गेली.

सोनामुखी घाई करत नाही. तिच्यातली द्रव्यं पोटातून पुढे मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि तिथले जिवाणू ती फोडतात तेव्हा कुठे काम सुरू होतं. त्याला सहा ते बारा तास लागतात. माझ्या पोटात मुरडा आला तेव्हा पहाट व्हायची होती. बाहेर आलो तर आमच्या जिन्यातल्या झाडून सगळ्या घरांत दिवे लागले होते. एरवी काकड आरतीलाही एवढी जाग नसते. सात वाजता गच्चीवरची टाकी रिकामी झाली. साडेसातला सेक्रेटरींचा गटावर संदेश आला, ‘पाणी जपून वापरावे.’ त्यावर कोणी नेहमीसारखं भांडलं नाही. भांडायला कोणी मोकळंच नव्हतं. साडेआठला टँकर मागवला गेला.

आईने रात्री फक्त दूध घेतलं होतं. ती सकाळी ठणठणीत होती आणि तिला शंका आली. तिने बरणी जमिनीवर उपडी केली, चष्मा लावला आणि एकेक जिन्नस वेगळा काढत गेली. ते टोकदार पान हातात येताच तिने ते चिमटीत चुरगाळून पाहिलं.

“ही सोनामुखी कोणी घातली?”

“मी. छान नाव आहे म्हणून.”

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “तुझे वडील ही कधी तरी रात्री घ्यायचे,” ती म्हणाली. “चिमूटभर. तू बादलीभर केलीस.”

मी भीतभीत आमच्या गल्लीतल्या वैद्यबुवांकडे गेलो. सगळं ऐकून घेताना त्यांनी हसू आवरायचा प्रामाणिक प्रयत्न केला. मग ते म्हणाले, “पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदातल्या उन्हाने खवळतं. म्हणून तर शरद ऋतू म्हणजे आम्हा वैद्यांची आई, असं जुने लोक म्हणतात. तोच आम्हाला पोसतो. आणि शरदातल्या पित्तावर ग्रंथांत सांगितलेला एक मुख्य उपाय कोणता, माहीत आहे? विरेचन. म्हणजे जुलाब देणे. जे आम्ही माणूस तपासून, आधी तूप पाजून, पथ्य पाळून आणि पैसे घेऊन करतो, ते तुम्ही सबंध सोसायटीचं एका रात्रीत फुकट केलंत.”

मला जरा बरं वाटायला लागलं तेवढ्यात त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “कोणी गरोदर बाई प्यायली नाही ना? कोणी फार थकलेलं, आजारी? नशीब समजा. आणि तुम्हाला ब्लडप्रेशर आहे ना? मग ज्येष्ठमध कशाला ढोसता? जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. झाडपाल्याचं आहे म्हणून त्याला अपाय नाही, हे कोणी सांगितलं तुम्हाला? ज्याच्यात गुण आहे त्याच्यात अवगुणही असतो.”

मी विचारलं, “मग शरदात प्यायचं तरी काय?”

“पाणी,” ते म्हणाले. “चरक आणि वाग्भट दोघांनीही शरदाचं पेय म्हणून हंसोदक सांगितलंय. दिवसा सूर्याने तापलेलं, रात्री चंद्राने निवलेलं आणि अगस्तीच्या उदयाने निर्मळ झालेलं पाणी. त्यात काही घालायचं नाही, ते उकळायचं नाही, त्याला नाव ठेवून बरणीत भरायचं नाही.”

म्हणजे आईने पहिल्याच दिवशी जे ‘गरम पाणी म्हण सरळ’ म्हणून सांगितलं होतं, त्यातून ‘गरम’ एवढा शब्द वगळला की चरकसंहिता होते.

तिकडे सोसायटीच्या कमिटीने चौकशी केली. भेळ सगळ्यांनी खाल्ली नव्हती. चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा आणि ‘आयुर्वेदिक’, त्यामुळे त्याच्यावर संशय घेणंच शक्य नव्हतं. सगळा ठपका दुधावर आला. आईने ‘मी दूधच प्यायले, मला काही झालं नाही’ असं सांगून पाहिलं, पण जुन्या हाडांची गोष्ट वेगळी असते असं तिला उत्तर मिळालं. ठराव एकमताने झाला: पुढच्या कोजागिरीला मसाला दूध बंद, आणि त्याऐवजी सर्वांसाठी ‘शरदसंध्या’ची जबाबदारी माझ्याकडे. मी ठरावावर सही केली. दूधवाल्याचे पैसे मात्र कमिटीने अडवून धरले होते, ते मी माझ्या खिशातून भरले आणि ‘देणगी’ म्हणून पावती घेतली.

पुढच्या कोजागिरीला मी काय करणार हे माझं ठरलं आहे. रात्री दोन चमचे धने भरडून पेलाभर साध्या पाण्यात भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळायचे आणि चवीला खडीसाखर टाकायची. वैद्य याला धन्याचं हिम म्हणतात. विस्तव लागत नाही, पित्त शमतं, आणि माणूस ठरल्या वेळेला उठतो. सोसायटीच्या प्रमाणात तेच मोठ्या पातेल्यात करून, गार करून देईन आणि चिठ्ठीवर ‘शरदसंध्या’ लिहीन. कोणाला फरक कळला तर ‘यंदा नवी आवृत्ती’ म्हणेन.

तुम्हालाही घरी चहा करायची हौस असेल तर जरूर करा. पण आलं, सुंठ, मिरी, दालचिनी मार्गशीर्षातल्या थंडीसाठी राखून ठेवा. चहाची पात ताजीच घ्या, हाताने चुरगाळून टाका, झाकण ठेवा, पाच मिनिटांत गाळा. जास्वंद गणपतीला वाहा. ज्येष्ठमध रोज पिऊ नका. आणि काष्ठौषधीच्या दुकानातून येणाऱ्या प्रत्येक पुडीवर तिथल्या तिथे नाव लिहून घ्या, मग घरी येऊन ते नाव घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. ते माणूस हसलं तर ती पुडी उघडू नका.